तापणारे मैदान आणि त्याची तहान

(इयत्ता ६ वी व ७ वी. सामान्य विज्ञान, गणित व शारीरिक शिक्षण यांच्या समन्वयाचा पाठ. तासिका : ३)

प्रास्ताविक

खेळाचे मैदान म्हटले की मातीचे किंवा फार तर गवताचे, एवढेच चित्र खेड्यातील विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत असे. अलीकडे ही स्थिती पालटली आहे. शहरांत आणि काही तालुक्यांच्या गावीही प्लॅस्टिकच्या तंतूंची हिरवीगार मैदाने तयार झाली आहेत. लोक त्यांना नुसते 'टर्फ' म्हणतात. ह्या पाठात त्यांना कृत्रिम हिरवळ असे म्हटले आहे. क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्या शाळांतील मुलेही अशा मैदानांवर जाऊ लागली आहेत.

मैदान हिरवे आहे, तेव्हा ते गवतासारखे थंड असणारच, असा मुलांचा सहज समज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि भर उन्हात अनवाणी पावलांना तो महाग पडणारा आहे. असे मैदान थंड करण्यासाठी त्यावर पाणी मारतात, हेही मुलांच्या पाहण्यात येते. ते पाणी किती लागते, त्याने मैदान कितपत थंड होते आणि तो थंडावा किती वेळ टिकतो, हे तीन प्रश्न ह्या पाठाचा गाभा होत. बाष्पीभवनाचा धडा पुस्तकात असतोच; येथे तो धडा मैदानावर नेऊन पडताळावयाचा आहे.

पाठाचे हेतू

१. बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते हे तत्त्व नित्याच्या अनुभवावरून दृढ करणे.
२. जिवंत गवत व कृत्रिम हिरवळ यांच्या तापण्यातील भेद विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून ओळखणे.
३. क्षेत्रफळ व घनफळ यांचे गणित पाण्याच्या प्रत्यक्ष हिशेबास लावणे.
४. उन्हात खेळताना घ्यावयाची काळजी समजणे व ती अंगी बाणवणे.

साहित्य

मातीचा माठ, प्लॅस्टिकची घागर, प्रयोगशाळेतील दोन तापमापके, घड्याळ, मापपात्र, मीटरपट्टी, कृत्रिम गवताचा एखादा तुकडा (बाजारात पायपुसणे म्हणून असे तुकडे मिळतात), आणि शाळेच्या आवारातील हरळीने झाकलेली थोडी जागा.

प्रस्तावना

शिक्षकाने माठ व घागर ह्यांत आदल्या संध्याकाळी सारखेच पाणी भरून ठेवावे व वर्गात दोन्हींतील पाण्याचे तापमान दोन विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावे.

प्रश्न : कोणते पाणी अधिक थंड आहे?
अपेक्षित उत्तर : माठातील.
प्रश्न : माठाला बाहेरून हात लावल्यावर काय जाणवते?
अपेक्षित उत्तर : ओल. माठ पाझरतो.
प्रश्न : घागर का पाझरत नाही?
अपेक्षित उत्तर : प्लॅस्टिकला छिद्रे नसतात.

येथे शिक्षकाने मुलांचा अनुभव आणखी जागा करावा. ताप आलेल्या भावंडाच्या कपाळावर आई ओल्या फडक्याच्या घड्या ठेवते. घडी थोड्या वेळात तापते व सुकू लागते. मग ती पुन्हा भिजवावी लागते. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात सडा घातला की गारवा येतो, पण तोही काही वेळच टिकतो. माठ मात्र पाणी असेपर्यंत आपोआप पाझरत राहतो. माठाची रीत आणि घडीची रीत ह्यांतील हा फरक मुलांच्या ध्यानात पक्का राहू द्यावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

हेतुकथन

"आज आपण असे पाहणार आहोत की, गवताचे मैदान हे माठासारखे असते आणि कृत्रिम हिरवळीचे मैदान हे घागरीसारखे असते, आणि घागरीसारख्या मैदानाला थंड ठेवण्यासाठी किती पाणी लागते."

विषय-विवेचन

(अ) मैदान का तापते?

गवताचे पाते मुळांवाटे जमिनीतील पाणी ओढून घेते व पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून ते वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. ह्या क्रियेस बाष्पोत्सर्जन असे म्हणतात. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. ती उष्णता पात्यातून घेतली जाते, म्हणून ऊन कितीही कडक असले तरी ओलाव्यावर वाढणारे गवत फार तापत नाही. गवत घाम गाळते असे म्हटले तर मुलांना ते चटकन समजेल.

कृत्रिम हिरवळीचे तंतू प्लॅस्टिकचे असतात. त्यांना मुळे नाहीत, छिद्रे नाहीत आणि घामही नाही. हे तंतू उभे राहावेत व खेळाडूच्या पायाला मऊपणा लाभावा म्हणून पुष्कळ मैदानांत तंतूंच्या मधोमध वाळू व रबराची बारीक कणी पसरलेली असते. ही कणी बहुधा जुन्या टायरांपासून केलेली व काळी असते. काळा रंग ऊन फार शोषतो हे मुलांना ठाऊक आहेच. अशा रीतीने वरून येणारी सूर्याची उष्णता शोषली जाते, पण ती वाफेवाटे घालवून देण्याचा मार्ग नसतो. मैदान तापत जाते, आणि जवळची हवाही तापवते.

(आ) एका विद्यापीठातील मोजणी

ह्या विषयावरील एक उपयुक्त मोजणी अमेरिकेतील यूटा राज्यात, प्रोव्हो या गावच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झाली. विद्यापीठाने त्या वर्षी आपल्या सरावाच्या जागी कृत्रिम हिरवळ घातली होती. उन्हाळी शिबिरात एका प्रशिक्षकाच्या पायांना बूट घातलेले असूनही तळव्यांना फोड आले, आणि त्यावरून तापमान मोजण्यास आरंभ झाला. सकाळी ७ पासून सायंकाळी ७ पर्यंतच्या पृष्ठभागांच्या तापमानाची सरासरी पुढीलप्रमाणे आली. (मूळ आकडे फॅरनहाइट अंशांत असून येथे ते सेल्सिअस अंशांत दिले आहेत.)

कृत्रिम हिरवळ : ४७.४ अंश
डांबरी पृष्ठभाग : ४३.१ अंश
उघडी माती : ३६.८ अंश
काँक्रीट : ३४.५ अंश
जिवंत गवत : २५.७ अंश

हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांना त्याचे निरीक्षण करावयास लावावे. जे मैदान दिसावयास गवतासारखे आहे ते तापण्यात डांबरी रस्त्याच्याही पुढे आहे, आणि ज्याच्यासारखे ते दिसते ते गवत तक्त्याच्या अगदी तळाशी आहे, ही गोष्ट मुलांनी स्वतः शोधून सांगावी. ह्या नोंदींत गवताचे कमाल तापमान सुमारे ३१ अंश, तर कृत्रिम हिरवळीचे सुमारे ६९ अंश होते. पुढे एका दिवशी हवेचे तापमान ३७ अंश असताना कृत्रिम हिरवळीचे तापमान ९३ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले. पाणी १०० अंशांना उकळते, एवढे सांगितले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ मुलांना वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

त्याच मोजणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. कृत्रिम हिरवळीच्या तापण्यावर हवेच्या उष्णतेपेक्षा उन्हाच्या प्रखरतेचा परिणाम अधिक होतो. जेथे सावली होती तेथील, आणि पांढऱ्या आखणीच्या पट्ट्यांवरील, तापमान पुष्कळ कमी होते. म्हणून हवा फारशी गरम नाही, तेव्हा मैदानही तापले नसेल, असे गृहीत धरू नये. हिवाळ्यातील स्वच्छ दुपारीही हाताने पाहून मगच मैदानात उतरावे.

(इ) पाणी मारल्यावर काय होते?

विद्यापीठाने मैदानाच्या तापमानाची मर्यादा सुमारे ४९ अंश अशी ठरवली. ५० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागाशी कातडीचा संबंध आला तर दहा मिनिटांच्या आत इजा होऊ शकते, असे कारण त्यासाठी दिले गेले. मग तापलेल्या मैदानावर पाणी मारून पाहण्यात आले. त्याचा परिणाम असा :

पाणी मारण्यापूर्वी : ७९ अंश
पाणी मारताच : २९ अंश
५ मिनिटांनी : ४९ अंश
२० मिनिटांनी : ७३ अंश

ह्या चार आकड्यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढवून घ्यावा. रेषा प्रथम खाली कोसळते व लगेच चढू लागते. पाण्याने मैदान थंड होते हे खरे. परंतु ठरवलेली मर्यादा पाच मिनिटांतच पुन्हा गाठली गेली, आणि वीस मिनिटांत मैदान जवळजवळ पूर्वीइतके तापले, हेही तितकेच खरे. शाळेची एक तासिका ह्याहून मोठी असते.

असे का व्हावे? त्याची कारणे दोन. पहिले कारण असे की, मैदानावर पाणी साचू नये म्हणून कृत्रिम हिरवळीच्या तळाला मुद्दाम भोके व निचऱ्याची व्यवस्था ठेवलेली असते. मारलेले बरेचसे पाणी वाळू-रबरातून झिरपून खाली निघून जाते. तंतूंवर थोडेच टिकते. दुसरे कारण असे की, जे थोडे टिकते ते सूर्य झपाट्याने वाळवतो. गवताच्या बाबतीत झिरपलेले पाणी वाया जात नाही. ते मुळांपाशी साठते व दिवसभर हळूहळू वर येते. म्हणजे तेच पाणी गवताला माठाचे पाणी होते, आणि कृत्रिम हिरवळीला कपाळावरची घडी होते.

वरच्या वर्गासाठी एक ढोबळ हिशेब येथे देता येईल. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. स्वच्छ आकाश असता भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्यापासून दर मिनिटास सुमारे १४ किलोकॅलरी उष्णता येते. ५८० ला १४ ने भागल्यास सुमारे ४० येतात. म्हणजे सगळेच्या सगळे पाणी तंतूंवर टिकले तरी ते सूर्याशी फार तर ४० मिनिटे झुंजेल. त्यातील पाचवा हिस्साच टिकला असे धरले तर ही झुंज ८ मिनिटांत संपेल.

हवेतील दमटपणाचाही परिणाम सांगावा. विदर्भात उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे व कूलर उत्तम चालतात. कोकणात त्यांचा तितका उपयोग होत नाही. दमट हवेत पाण्याची वाफ सावकाश होते. त्याच कारणाने समुद्रकाठच्या मैदानावर मारलेले पाणी कोरड्या प्रदेशातल्याइतक्या जोराने उष्णता घेत नाही. शिवाय तेथे खेळणाऱ्या मुलांचा घामही लवकर सुकत नाही.

(ई) हे पाणी कोठून सुरू झाले?

कृत्रिम हिरवळीचा जन्म पाण्याच्या टंचाईतून झाला नाही. १९६४ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राऊन शाळेत तिचा पहिला मोठा वापर झाला. १९६५ साली ह्यूस्टन येथे अ‍ॅस्ट्रोडोम हे छत असलेले भव्य क्रीडागार उघडले. छतातून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले म्हणून छताची तावदाने रंगवली गेली, आणि उजेडाअभावी आतील गवत मेले. म्हणून १९६६ साली तेथे कृत्रिम हिरवळ बसवण्यात आली. जेथे ऊन पोहोचत नाही अशा जागेसाठी ती सोय होती. पुढे तीच वस्तू उघड्या उन्हात आली आणि तापण्याचा प्रश्न उभा राहिला.

हॉकीत मात्र पाणी हा खेळाचाच भाग होऊन बसला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. १९७५ साली क्वालालंपूर येथे गवतावर विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ तेथे सातव्या स्थानावर गेला. नव्या मैदानाचा सराव नसणे हे त्याचे एक कारण मानले जाते. पुढे मोठ्या स्पर्धांसाठी भिजवलेल्या कृत्रिम हिरवळीची प्रथा पडली. ओल्या तंतूंवर चेंडू गुळगुळीत धावतो, घसरून पडणाऱ्या खेळाडूचे अंग कमी खरचटते, आणि मैदानही काही काळ थंड राहते. पाण्याचा हा वापर फार होतो हे ध्यानात आल्यावर आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानेही कमी पाण्यावर, आणि पुढे पाण्याशिवाय, चालणाऱ्या पृष्ठभागांकडे वळण्याचे धोरण धरले आहे.

(उ) पाण्याचा हिशेब

पुढील उदाहरणे विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवावीत. थराची जाडी येथे हिशेबापुरती धरली आहे.

उदाहरण १. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. त्यावर एका वेळी ३ मिलिमीटर पाणी मारल्यास किती लिटर लागेल?
रीत : ९१.४ × ५५ = ५,०२७ चौरस मीटर. ५,०२७ × ३ = १५,०८१ लिटर.

उदाहरण २. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. वरील पाणी किती माणसांना एक दिवस पुरेल?
रीत : १५,०८१ ÷ ५५ = सुमारे २७४ माणसे.

उदाहरण ३. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद आहे. (क) तेथे गवत असून उन्हाळ्यात त्याला रोज ५ मिलिमीटर पाणी दिले. (ख) तेथे कृत्रिम हिरवळ असून ती थंड करण्यासाठी प्रत्येक वेळी ३ मिलिमीटर पाणी मारले. दोन्हींची तुलना करा.
रीत : क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर. गवतास दररोज ३५,७०० लिटर. कृत्रिम हिरवळीस एका वेळेस २१,४२० लिटर. दोन वेळेस ४२,८४० लिटर.

तिसऱ्या उदाहरणावर शिक्षकाने थोडे थांबावे. कृत्रिम हिरवळीने पाणी वाचते असे सांगितले जाते, आणि ते निराधार नाही. तिला रोज वाढीसाठी पाणी द्यावे लागत नाही. ज्या दिवशी खेळ नाही त्या दिवशी ती कोरडी राहू शकते. ती पावसाळ्यात चिखल होऊ देत नाही आणि एकाच दिवसात पुष्कळ मुलांचे खेळ सोसते. शहरांतील टर्फ बहुधा संध्याकाळी व रात्री दिव्यांच्या उजेडात वापरले जातात; तेव्हा ऊन नसते, म्हणून थंड करण्याच्या पाण्याचीही गरज पडत नाही. परंतु तेच मैदान भर उन्हात वापरावयाचे ठरवले, तर वाचवलेले पाणी दुसऱ्या शिंपणातच खर्च होऊन जाते, आणि थंडावा मिळतो तो काही मिनिटांचा. पाणी वाचते की जाते, हे मैदान कोणत्या वेळी वापरतात ह्यावर ठरते. हा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावा.

(ऊ) टंचाईच्या वर्षी

हा हिशेब केवळ वहीतला नाही, हे दाखवण्यासाठी २०१६ च्या उन्हाळ्याचे उदाहरण द्यावे. त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याची भीषण टंचाई होती. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर खेळवावेत असा आदेश दिला. खेळपट्ट्या व मैदाने राखण्यास लागणारे पाणी हाच त्या दाव्यातील वादाचा विषय होता. ती मैदाने जिवंत गवताची होती. कृत्रिम हिरवळीचा तेथे संबंध नव्हता. तरीही मूळ प्रश्न एकच : पाणी थोडे असता पहिला हक्क कोणाचा?

उदाहरण ४. पहिल्या गाडीतील ५ लाख लिटर पाण्यात हॉकीचे मैदान किती वेळा भिजवता आले असते?
रीत : ५,००,००० ÷ १५,०८१ = सुमारे ३३ वेळा.

येथे शिक्षकाने कोणावर दोषारोप करू नये किंवा खेळास कमी लेखू नये. खेळ मुलांच्या वाढीस अन्नाइतकाच आवश्यक आहे. परंतु साडेतीनशे किलोमीटरांवरून गाडीने आणलेले पाणी आणि तेहतीस वेळा भिजलेले मैदान ह्या दोन गोष्टी मुलांनी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

प्रयोग

आवारात उघड्या उन्हात चार जागा घ्याव्यात : हिरवी हरळी, वाळलेले गवत, उघडी माती आणि कृत्रिम गवताचा तुकडा. प्रत्येक ठिकाणी ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा. सकाळच्या शाळेत साडेदहाच्या सुमारास प्रत्येक पृष्ठभागावर तापमापकाचा फुगा टेकवून, त्यावर कागदाची लहानशी सावली धरून, दोन मिनिटांनी तापमान वाचावे. नंतर प्रत्येक चौकोनावर मापपात्राने ९० घन सेंटिमीटर पाणी सारखे शिंपावे. (हा १ मिलिमीटरचा थर होतो, तो कसा, हे मुलांनी काढावे.) मग ५, १० व २० मिनिटांनी पुन्हा तापमान वाचून तक्त्यात लिहावे.

दोन सूचना आवश्यक आहेत. कोरोनाच्या साथीच्या काळात पुष्कळ शाळांत आलेली ताप मोजण्याची बंदूक कपाळासाठी असते. तीत पृष्ठभाग मोजण्याची वेगळी सोय नसेल तर ती ह्या प्रयोगास वापरू नये, कारण ती तापलेल्या पृष्ठभागाचा खरा आकडा दाखवत नाही. दुसरे असे की, पुस्तकातील आकडे जुळावेत म्हणून मुलांनी आपले आकडे बदलू नयेत. प्रोव्होची हवा वेगळी, आपली वेगळी. आपल्याकडील उघडी मातीही उन्हाळ्यात फार तापते. तसेच वाळलेले गवत हिरव्या हरळीइतके थंड राहणार नाही, आणि ते का, हे मुलांनाच विचारावे. घाम गाळण्यास पाते जिवंत असावे लागते, हे उत्तर त्यांच्याकडूनच यावे.

सामान्यीकरण

प्रयोग व हिशेब झाल्यावर पुढील तीन विधाने विद्यार्थ्यांकडून काढून फळ्यावर लिहावीत.

१. जिवंत गवत आतून पाणी सोडून स्वतः थंड राहते. कृत्रिम हिरवळीला बाहेरून पाणी द्यावे लागते.
२. बाहेरून दिलेले पाणी मैदान लवकर थंड करते, पण भर उन्हात तो थंडावा टिकत नाही.
३. म्हणून पाणी मारणे हा तात्पुरता उतारा आहे. सावली आणि खेळाची योग्य वेळ हा खरा उपाय आहे.

ह्या ठिकाणी एका नव्या खटाटोपाची माहिती द्यावी. नेदरलँड्समधील अ‍ॅमस्टरडॅम येथे कृत्रिम हिरवळीच्या खाली पावसाचे पाणी साठवून ते वातीच्या तत्त्वाने वर चढवण्याचा प्रयोग झाला. समईतील वात जसे तेल ओढून घेते, तसे तेथील थर खालचे पाणी पृष्ठभागाकडे ओढतात. जून २०२० मधील एका कडक उन्हाच्या दिवशी नेहमीची कृत्रिम हिरवळ सुमारे ६२ अंशांपर्यंत तापली असता ही हिरवळ सुमारे ३७ अंशांवर राहिली, म्हणजे जवळजवळ गवताइतकीच. विचारी विद्यार्थी लगेच ओळखतील की, ह्या कारागिरांनी घागरीचा माठ करण्याचा यत्न केला आहे. मात्र तेथे पाऊस वर्षभर पडतो. आपल्याकडे चार महिन्यांचा पाऊस एप्रिलपर्यंत मैदानाखाली साठवून ठेवणे ही निराळीच गोष्ट आहे.

उपयोजन

आपल्या बहुतेक शाळांचे मैदान माती-मुरमाचे आहे, ह्यात उणेपणा मानू नये. त्याच मैदानाच्या दक्षिण व पश्चिम कडांना कडुनिंब, करंज यांसारखी झाडे लावली तर दुपारनंतरची सावली मैदानावर येते. हातपंपाजवळ किंवा हात धुण्याच्या जागेजवळ वाहून जाणारे पाणी चराने वळवल्यास तेथे हरळी आपोआप धरते. हरळी पाणी तुटले की पिवळी पडते, पण मरत नाही. पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. इतकी काटक हिरवळ विकत आणावी लागत नाही.

स्पर्धेसाठी कृत्रिम हिरवळीवर जाण्याचा प्रसंग आल्यास शिक्षकाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर सामने ठेवण्याची विनंती संयोजकांस आधीच करावी. मैदानात उतरण्यापूर्वी स्वतः हाताची मागची बाजू पृष्ठभागावर टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर मुलांना तेथे पाठवू नये. अनवाणी मुलास कधीही उतरवू नये. बूट घातलेल्या प्रौढाच्या पायाला फोड येतात, तेथे कोवळ्या तळव्याची काय कथा! एखाद्या मुलापाशी बूट नसतील तर ती व्यवस्था शाळेने आधी करावी. त्या कारणाने त्याला बाजूस बसवू नये. मैदानावर नुकतेच पाणी मारले आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा हात टेकवून पाहावा. मुलांना वरचेवर पाणी पाजावे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी असे काही दिसल्यास मुलास तत्काळ सावलीत न्यावे, त्याचे अंग ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा व डॉक्टरांना दाखवावे. अंग पुसल्याने ते का निवते, हे तर ह्याच पाठात मूल शिकले आहे.

फलकलेखन

गवत = माठ. कृत्रिम हिरवळ = घागर.
१ चौरस मीटर × १ मिलिमीटर = १ लिटर.
पाणी मारण्यापूर्वी ७९ अंश, मारताच २९, ५ मिनिटांनी ४९, २० मिनिटांनी ७३.
आधी वेळ, मग सावली, शेवटी पाणी.

स्वाध्याय

१. माठातील पाणी थंड होण्याचे कारण सांगून गवत थंड राहण्याचे कारण स्पष्ट करा.
२. कृत्रिम हिरवळीवर मारलेले सगळे पाणी थंड करण्याच्या कामी का येत नाही? दोन कारणे लिहा.
३. आपल्या शाळेच्या मैदानाची लांबी-रुंदी मोजा. त्यावर २ मिलिमीटर पाणी मारावयाचे तर किती लिटर लागेल? ते पाणी तुमच्या घरातील माणसांना किती दिवस पुरेल?
४. आपल्या मैदानावर सकाळी ८, ११ व दुपारी ४ वाजता कोठे कोठे सावली असते, ह्याचा नकाशा काढा. नवे झाड कोठे लावावे ते त्यात दाखवा.
५. गावात कृत्रिम हिरवळीचे मैदान करण्याचे ठरले आहे असे समजा. ग्रामसभेत तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?

समारोप

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. मैदान करू नका, असे उत्तर आले तर ते एकमेव योग्य उत्तर मानू नये. मैदान अवश्य करा, हे उत्तरही तसेच समजावे. मैदान कोणत्या वेळी वापरणार, सावली कोठून येणार आणि उन्हाळ्यात पाणी कोणत्या विहिरीतून आणणार, हे तीन प्रश्न ज्याने विचारले त्याला हा पाठ समजला. आजचे हे विद्यार्थी उद्या ग्रामसभेत बसतील, आणि गावाच्या मैदानाचा व गावाच्या विहिरीचा निर्णय त्यांच्याच हाती येईल. तो घेताना त्यांना निदान माठ आणि घागर आठवावी, एवढ्यासाठी तीन तासिका खर्ची पडल्या तरी त्या सत्कारणी लागल्या असे समजावे.